डावा पाय चोरणारं संगीत

मी नेमकं काय करते, हे आमच्या घरात आजवर कुणालाही धड सांगता आलेलं नाही. पुण्यात नाचत होते तेव्हा आई पाहुण्यांना सांगायची, “ती योगा शिकवती.” पुढे गुडघा गेला, मी नगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या आमच्या घरी परत आले आणि दुसऱ्यांच्या नाचासाठी संगीत करायला लागले, तेव्हा तिला मनापासून बरं वाटलं. “आता बसून काम हाय,” तिनं शेजारणीला सांगितलं. “बाकीचे नाचत्यात, ही नुसती वाजवती.” मी वाजवतसुद्धा नाही, हे तिला समजावण्याचा मी एकदा प्रयत्न केला. तिनं माझ्याकडे अशा काही काळजीनं बघितलं की मीच विषय बदलला.

नाचायला मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये लागले आणि थांबायचं विसरले. कॉलेजसाठी पुण्याला गेले, तिथे नाच बसवणारी एक मैत्रीण भेटली आणि आम्ही दोघींनी मिळून सहा-सात जणांचा गट उभा केला. समकालीन नृत्य म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मैत्रीण दहा मिनिटं समजावून सांगायची. मी उडी मारून दाखवायचे. माझी उडी चांगली होती. चांगली म्हणजे खरंच चांगली, उगाच नम्रपणा दाखवायचा म्हणून मी ते लपवणार नाही. आणि खाली यायचे ती धाडकन, सगळ्या हॉलला कळलं पाहिजे अशी. मला त्या उडीचा माज होता.

एका सकाळी तालमीत तीच उडी मारली, डाव्या पायावर उतरले आणि गुडघ्यात असा काही आवाज झाला की मैत्रिणीनं आधी जमिनीकडे बघितलं. तिला वाटलं, फळी मोडली. ऑपरेशन झालं, गुडघ्यात दोन स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, चाला, पोहा, पण उडी विसरा. आमच्या दुष्काळी कर्जत तालुक्यातल्या माणसाला पोहायला सांगणाऱ्या डॉक्टरांचा भूगोल कच्चा असावा. मी चालत राहिले, आणि घरी बसून लोकांवर चिडत राहिले.

सगळ्यात जास्त चिडायचे ती मैत्रिणीवर. ती मला तालमी मोबाईलवर दाखवायची, माझं मन रमावं म्हणून. माझं कसलं मन रमतंय! “हे संगीत कुणी निवडलं? इथं पाय उचलायचाय आणि तुझा बासरीवाला झोपलाय,” असं मी इथून ओरडायचे. दोन महिने तिनं ऐकून घेतलं. मग एके दिवशी म्हणाली, “बाई, तूच कर ना मग.” आणि फोन ठेवला. ती रागानं बोलली होती. मी मात्र ते मनावर घेतलं.

कांद्याच्या चाळीला लागून आमची एक खोली आहे. तिथे मी लॅपटॉप, छोटा कीबोर्ड आणि हेडफोन मांडले. मला राग ओळखता येत नाहीत, नोटेशन वाचता येत नाही. मला एकच गोष्ट येत होती. स्टुलावर बसायचं, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात नाचायचं. जिथे अंग जोर मागेल तिथे ठोका टाकायचा, जिथे दम खायला मागेल तिथे सूर लांबवायचा. आई दारातून बघायची तेव्हा मी स्टुलावर बसल्या जागी डुलत असायचे. एकदा तिनं हळूच विचारलं, “अंगात बिंगात येतंय का तुझ्या?”

पहिली रचना लोकांना आवडली. दुसरी जास्त आवडली. तिसरीनंतर एका जाणकार गृहस्थांनी सांगितलं की माझ्या संगीतात श्वास आहे. दर जोरकस ठोक्यानंतर मी जी मोकळी जागा सोडते, तिथे म्हणे अवकाश तयार होतो. मला अवकाशाचं काही माहीत नव्हतं, पण नाही कशाला म्हणायचं? मी तोंड गंभीर करून मान हलवली. पुढे दुसऱ्या गटांचीही कामं आली, आणि नाचणारी म्हणून जेवढं नाव झालं नव्हतं तेवढं संगीतकार म्हणून व्हायला लागलं. मला नवा माज चढायला फारसा वेळ लागला नाही.

चौथी रचना गेल्या वर्षीची. दिवाळी तोंडावर होती आणि दिवाळीनंतर महिन्याभरानं नगरला पहिला प्रयोग ठरला होता. मला त्यात हलगी हवी होती, कॉम्प्युटरमधली नाही, खरी. मिरजगावच्या अलीकडे एका वस्तीवर एक हलगीवाले काका राहतात. जत्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो तेव्हा आखाड्याच्या कडेला उभे राहून वाजवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. दोन पैलवान नुसते एकमेकांना चाचपत असले की हलगी दबकी चालते, कुणी डाव टाकला की कडाडते. आंधळ्या माणसालाही नुसत्या हलगीवरून कुस्ती कळावी, असं ते वाजवतात.

मी गेले तेव्हा ते अंगणात काडीकचऱ्याचा जाळ करून हलगी शेकत होते. चामडं ताणून यावं म्हणून वाजवण्याआधी शेकावी लागते. मी येण्याचं कारण सांगितलं आणि तोवर झालेलं काम मोबाईलवर ऐकवलं. ते हलगी तशीच जाळावर फिरवत ऐकत राहिले. नाच वगैरे मी अजून काही बोलले नव्हते. बारा मिनिटं संपली.

“पैलवान कोन हाय ह्यातला?” त्यांनी विचारलं.

“पैलवान नाही काका, हा नाच आहे.”

“आसंल. पर ह्यो गडी डावा पाय चोरतोय.”

मी म्हटलं, कोण गडी?

“ज्याच्यासाटी ह्ये वाजतंय त्यो. उजवा दनकून टाकतोय, डाव्याची पाळी आली की हवेतच ठिवतोय. बगा की, दन् झालं की सूंऽऽ. पुन्यांदा दन्, पुन्यांदा सूंऽऽ. आखाड्यात आसा गडी आला की मला लगी कळतंय, त्याचा डावा गुडगा धड न्हाई. समोरच्याला कळलं की त्यो त्याच पायाला हात घालतो.” मग माझ्या पायांकडे न बघता, अगदी सहज, “तुमचा डावा दुखतो व्हय, ताई?”

मला इतका राग आला की काय सांगू. ज्याला जाणकार लोक अवकाश म्हणत होते, त्याला हा माणूस लंगडेपणा म्हणत होता, आणि वर हलगी शेकत म्हणत होता. मी काहीतरी कारण सांगून उठले, रेकॉर्डिंग न करताच स्कूटीला किक मारली आणि घरी येईपर्यंत वाटेत त्यांना मनातल्या मनात बरंच सुनावलं. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, ती माझी बाजू घेईल म्हणून. ती लसूण सोलत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “खोटं बोलला म्हनून राग आला, का खरं बोलला म्हनून?”

मी खोलीत गेले आणि हेडफोन लावला. या वेळी स्टुलावर डोलले नाही. उभी राहिले, उजव्या पायानं एक, डाव्यानं दोन, उजव्यानं तीन, अशी जागच्या जागी पावलं टाकत चारही रचना ओळीनं ऐकल्या. आम्ही नाचणारे लोक आठाआठानं मोजतो, आठ हा सम आकडा, म्हणजे प्रत्येक आठ पुन्हा त्याच पायावर सुरू होतो. मी मनातल्या मनात नाचताना प्रत्येक वेळी उजव्यापासून सुरू करत होते. सगळे मोठे ठोके उजव्यावर. सगळ्या उड्यांचं उतरणं उजव्यावर. आणि डाव्याची वेळ आली की बासरी, नाहीतर लांब सूर, नाहीतर शांतता. कुठेही एकदासुद्धा डाव्या पायावर वजन पडलेलं नव्हतं. मी मनातल्या मनातही लंगडत होते.

सुरुवातीला मला हसू आलं. खरंच आलं. त्या जाणकार गृहस्थांना फोन करून सांगावंसं वाटलं की तुमच्या त्या अवकाशाला दोन स्क्रू घातलेले आहेत. मग हसता हसता एक विचार आला आणि मी खाली बसले. मी नुसती ऐकत होते. पण त्या संगीतावर पाच वर्षं कुणीतरी नाचत होतं.

मैत्रिणीला फोन लावला. “आपल्यातली कुणी गुडघा दुखतो म्हणते का?”

तिनं उलट मलाच विचारलं, “तुला कुणी सांगितलं? तिनं तर तुला सांगू नका म्हणून शपथ घातली होती.”

ती म्हणजे आमच्या गटातली सगळ्यात लहान मुलगी, अकोले तालुक्यातल्या डोंगराकडची. गटात आता सगळ्यात चांगली उडी तिची. त्यामुळे माझ्या चारही रचनांमधल्या झाडून सगळ्या मोठ्या उड्या तिच्याच वाट्याला आल्या होत्या. उजवा गुडघा महिनाभर सुजत होता. डॉक्टरांनी तीन आठवडे उडी बंद सांगितली होती, चालायला हरकत नव्हती, म्हणून ती गावी गेली होती. पुढेही असंच चाललं तर काय होईल, तेही त्यांनी सांगितलं होतं. मैत्रीण ते सांगायला लागली. मी म्हटलं, नको, मला पाठ आहे.

माझा गुडघा माझ्या माजानं गेला होता, त्याची तक्रार मी कुणाकडे करणार नव्हते. तिचा माझ्यामुळे गेला असता. त्या दिवशी मी जेवले नाही. संगीत करणं सोडून द्यावं असं वाटलं, आणि ते सोडलं तर माझ्याकडे काय उरतं, हेही कळेना. मला दुसऱ्या कुणाच्या अंगातून विचार करताच येत नव्हता. आजवर तशी गरजच पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी धरली. नगर, संगमनेर, अकोले, आणि तिथून पुढे जीप, ज्यात माझ्या मांडीवर कुणाचंतरी गव्हाच्या पिठाचं पोतं होतं. अकोल्याचा डोंगर आणि आमचं माळरान एकाच जिल्ह्यात कसं बसवलं, हे ज्यानं बसवलं त्यालाच ठाऊक. त्यांच्याकडे भातकापणी चालू होती. मुलगी घराच्या ओट्यावर बसलेली सापडेल असं मला वाटलं होतं. ती शेतावर भाकरी पोचवायला निघाली होती, उतारावरून, डोक्यावर गाठोडं घेऊन.

“गुडघा दुखतोय आणि डोंगर उतरतेस?” मी वरूनच ओरडले. कशी आहेस, बरं आहे का, वगैरे काही नाही.

ती वळून हसली. “चालताना नाही दुखत, ताई. तुमच्या संगीतावरच दुखतो.”

मग तिलाच कळलं आपण काय बोललो, आणि तिचा चेहरा पडला. मी तिला सगळं सांगितलं, काका, हलगी, डावा पाय, सगळं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “सगळे म्हणायचे ताईंचं संगीत अंगात आपोआप बसतं. माझ्या बसायचं नाही. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.”

या वाक्यावर मी तिची माफी मागितली. नीट, शब्दांत मागितली, कारण नुसतं डोळ्यांत पाणी आणून भागणारी ती गोष्ट नव्हती. तिला फार अवघडल्यासारखं झालं. तिनं माझ्या हातात पाण्याचा कॅन दिला आणि म्हणाली, “चला, भाकरी गार होतील.”

मी तिच्या मागून उतरायला लागले. भाताची खाचरं एकाखाली एक उतरत गेलेली, मधे बांध. सवयीनं मी तिची पावलं मोजायला लागले. एक दोन तीन चार, आणि बांध आला. पुढच्या खाचरात सात पावलं, मग बांध. मग पाच. आठ कुठेच नाही. आणि बांधाच्या कडेला आली की ती कोणता पाय खाली टाकेल हे मला एकदाही आधी ओळखता आलं नाही. कधी उजवा, कधी डावा. गुडघे सतत किंचित वाकलेले, पाय आपटायचा नाही, मातीला विचारून ठेवल्यासारखा ठेवायचा. मी विचारलं, “कोणता पाय टाकायचा हे कसं ठरवतेस?”

“ठरवत नाही,” ती म्हणाली. “कडेला आल्यावर जो पुढे असेल तो.”

तिच्या आईनं मला शेतावर दोन भाकरी खायला लावल्या. तिसरी नको म्हणताना मी बोटांवर पाच आणि सात मोजत होते. पाच हा विषम आकडा. पाचाचा तुकडा उजव्यावर सुरू झाला की पुढचा आपोआप डाव्यावर सुरू होतो. मला काही ठरवावंच लागणार नव्हतं. इतकी साधी गोष्ट, दहा वर्षं नाचून आणि पाच वर्षं संगीत करून मला सुचली नव्हती, कारण मी सतत माझ्याच पायांकडे बघत होते.

मी तिथे तीन दिवस राहिले. ती चालायची, मी मागून मोजायचे आणि वहीत लिहायचे. रेकॉर्डर पिशवीतच राहिला. घरी आल्यावर चौथी रचना पुसून टाकली आणि नव्यानं बसले. या वेळचं काम फार अवघड गेलं. डोळे मिटले की सवयीनं मीच दिसायचे, उजव्यावर उतरायला तयार. तिला डोळ्यांसमोर आणावं तर क्षणात तिला बाजूला सारून पुन्हा मी. शेवटी डोळे उघडे ठेवून, वहीत बघून काम केलं. आई म्हणाली, “आता बरी बसतीस. मागं लई डुलायचीस.”

मग काकांकडे गेले. रागावून निघून गेल्याबद्दल काय बोलावं याची तयारी करून गेले होते, पण माझा राग त्यांच्या लक्षातही नव्हता. मोबाईलवर नवीन काम ऐकून ते म्हणाले, “ह्यो गडी दुसरा हाय.” आणि हलगी घेऊन नगरला यायला तयार झाले.

तोवर तीन आठवडे सरले होते. मुलीच्या गुडघ्याची सूज उतरली होती, डॉक्टरांनी हळूहळू उडीला परवानगी दिली होती. प्रयोगाच्या आदल्या दिवशी आम्हाला तालमीसाठी नगरमधलं एक मंगल कार्यालय मिळालं. कालच्याच लग्नातली नवरा-नवरीची सिंहासनं अजून स्टेजवर होती. ती हलवायची की नाही यावर मॅनेजरशी वाद चालू होता, तेवढ्यात काका जाऊन नवरदेवाच्या खुर्चीत बसले आणि वाद मिटला. मैत्रीण त्यांना समजवायला गेली की पाच मोजून झाले की अमुक, सात मोजून झाले की तमुक. काकांनी हात वर केला. “बाई, मला आकडे नगा सांगू. तिचे पाय दिसतील आसं मला बसवा.” मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दिसतील असं बसव.

तालीम सुरू झाली. मी शेवटच्या रांगेत, पाय समोरच्या खुर्चीवर टाकून. पाचाचे तुकडे, साताचे तुकडे, मुलगी कधी या पायावर, कधी त्या. काकांची हलगी तिच्या पावलांना चिकटून चाललेली. शेवटच्या भागात मोठी उडी होती. उडीची जागा मी ठरवली होती, उतरण्याची जागाही ठरवली होती, तिथे सगळ्यात मोठा ठोका टाकला होता.

ती धावत आली, उडाली, स्पीकरमधून ठोका वाजला, पण ती अजून खाली आलीच नव्हती. काकांनी हलगीवर काडी उचलून धरली आणि ते थांबले. मग ती आली, डाव्या पायावर, अजिबात आवाज न करता, गुडघा वाकवत वाकवत, खाली, आणखी खाली, पार फरशीवर बसेपर्यंत, जणू उतरणं संपूच नये. काकांनी अगदी हलकी काडी टेकवली.

माझ्या लक्षात आलं की माझ्या अंगाला कुठेच काही झालेलं नव्हतं. ना पाय हलला होता, ना खांदा. मी फक्त बघत होते.

मैत्रीण मागे येऊन शेजारी बसली. “ठोक्यावर नाही उतरली ती,” ती हळू आवाजात म्हणाली. “सांगू का तिला?”

“नको,” मी म्हटलं. “मला हे नाचता आलं नसतं.”

“अगं, तुझा गुडघा...”

“गुडघा धड असता तरी नसतं आलं.”

हे बोलले आणि मला इतकं हलकं वाटलं की मी एकटीच मोठ्यानं हसले. पाच वर्षं ज्या पायासाठी झुरले, तो परत मिळाला असता तरी ही उडी माझी नव्हतीच. स्टेजवरून सगळे माझ्याकडे बघायला लागले, काकासुद्धा. मुलगी घाबरून उठली. तिला वाटलं, चुकलं.

“ताई, पुन्हा करू? ठोक्यावर उतरते.”

“पुन्हा कर,” मी ओरडून सांगितलं. “आत्ता केलीस तश्शीच कर. मला बघायची आहे.”